नावाडी गेले, सायकली आल्या

ल्वार नदीकाठच्या गावांत जुन्या घरांच्या भिंतींवर आणि पुलांच्या खांबांवर आडव्या रेघा कोरलेल्या दिसतात. रेघेशेजारी साल असतं: १८४६, १८५६, १८६६. पाणी इथवर आलं होतं, एवढंच ती रेघ सांगते. काही ठिकाणी ती सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. वीस वर्षांत असे तीन पूर आले, आणि आज ज्या उंच बांधांवरून लोक पिशव्या लटकावून निवांत सायकल हाकतात, त्या बांधांचा सगळा इतिहास या तीन आकड्यांभोवती फिरतो.

ल्वार ही फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. आर्देशच्या डोंगरात उगम, सॅं-नाझेरपाशी अटलांटिकला मुख, मध्ये साधारण हजार किलोमीटर. तिच्या काठाने नेव्हेरपासून समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. त्याचं नाव ‘ल्वार आ व्हेलो’, म्हणजे सायकलवरून ल्वार. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोव्हेलो ६’ या लांबलचक मार्गाचा तो एक तुकडा. पर्यटनाच्या पत्रकांत त्याच्याबरोबर राजवाडे येतात, द्राक्षमळे येतात. पण या वाटेचा फारच थोडा भाग मुळात सायकलसाठी बांधलेला आहे. बांध घातले पुरासाठी, कालव्याकाठची पायवाट काढली नावा ओढण्यासाठी, धक्के बांधले मालासाठी. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते निघून गेले, आणि मोकळा पडलेला काठ सायकलवाल्यांना मिळाला.

बांधांची सुरुवात बाराव्या शतकातली. आंजूचा सरदार आणि इंग्लंडचा राजा असलेल्या दुसऱ्या हेन्रीने मातीचे बांध घालायला लावले आणि त्यांवर राहायला जाणाऱ्यांना लष्करी चाकरीतून सूट दिली. अट एकच, बांधाची देखभाल करायची. पुढे सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने हे काम सरकारी इंजिनिअरांच्या हाती सोपवलं. त्यांचा हिशेब असा की नदी दोन भिंतींत आवळली की पाणी जोरात वाहील, पात्र खोल होईल आणि नावाही चालतील. आवळलेली नदी पुरात आणखी उंच चढली. मग बांध आणखी वर घेतले, सात मीटरच्या आसपास नेले, आणि आता पाणी येणारच नाही या भरवशावर मागच्या सखल जमिनीत वस्ती वाढली. १८५६ मध्ये हेच बांध सुमारे १६० ठिकाणी फुटले. पूररेषेच्या आत घरं बांधून ठेवल्यावर काय होतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायची गरज नाही.

या भिंतींच्या आत, वाळूच्या बेटांतून वाट काढत, रेल्वे येईपर्यंत एक अख्खा व्यापार चालत होता. ल्वार उथळ नदी. उन्हाळ्यात पाणी इतकं ओसरतं की पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिसते. म्हणून इथल्या नावा सपाट बुडाच्या आणि एकच मोठं चौकोनी शीड असलेल्या. पूल आला की डोलकाठी आडवी करायची, पूल गेला की पुन्हा उभी. खाली समुद्राकडे जायला प्रवाह पुरायचा. वर यायला वारा लागायचा, आणि तो इथे बराच काळ पश्चिमेकडून, समुद्राकडून वाहतो. पुष्कळ नावा एकामागे एक बांधून त्यांचा तांडा त्या वाऱ्यावर वर चढायचा. वारा पडला की सगळे काठाला, तो पुन्हा सुटेपर्यंत.

मालाचा मोठा थांबा ऑर्लेआं. नदी इथे पॅरिसच्या सर्वांत जवळ येते, म्हणून माल इथे उतरून पुढे गाड्यांवर जायचा. वाटेत कित्येक दिवस पडून राहिलेली वाइन इथपर्यंत येताना आंबट होऊन जायची. फेकायची कशाला, म्हणून तिचं व्हिनेगर होऊ लागलं. तिथल्या व्हिनेगरवाल्यांचा संघ १३९४ पासूनचा. नदीच्या संथपणातून एखाद्या शहराचा धंदा उभा राहिल्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. पॅरिसपर्यंत पाण्यानेच जाता यावं म्हणून फ्रान्सचा राजा चौथ्या हेन्रीच्या काळात, १६०४ मध्ये ब्रियारचा कालवा काढायला घेतला. ल्वार आणि सेन या दोन नद्यांची खोरी जोडणारा हा कालवा १६४२ मध्ये पुरा झाला.

हा व्यापार मोडला रेल्वेने. गंमत अशी की फ्रान्समधली पहिली रेल्वे ल्वारच्या नावांसाठीच टाकली होती. वरच्या ल्वारजवळचं सॅंत-एत्येन हे कोळशाचं गाव. तिथला कोळसा नदीपर्यंत आणायला १८२७ मध्ये आंद्रेझ्योपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाला. गाड्या घोडे ओढायचे, उतारावर त्या आपोआप घरंगळायच्या. जवळच्याच सॅं-रांबेरमध्ये फर झाडाच्या लाकडाच्या कामचलाऊ नावा ठोकल्या जायच्या. कोळसा घेऊन त्या खाली गेल्या की परत येतच नसत. माल उतरला की नावही मोडून लाकूड विकायचं.

मग खरी रेल्वे आली. पॅरिसहून ऑर्लेआंला १८४३ मध्ये, तूरला १८४६ मध्ये, नांतला १८५१ मध्ये, आणि तीही बहुतेक नदीचा हात धरूनच. त्याआधी काही वर्षं आगबोटींनी धडपड केली होती. बॉयलर फुटण्याच्या अपघातांनी लोक धास्तावले, तेव्हा एका कंपनीने आपल्या बोटींचं नावच ‘न फुटणाऱ्या’ असं ठेवलं. बोटी फुटल्या नाहीत, पण गिऱ्हाईक आगगाडीत जाऊन बसलं. विसेक वर्षांत धक्क्यांवर गवत वाढलं. ब्रियारला कालव्यातल्या नावा नदीत न उतरता नदीवरून पलीकडे जाव्यात म्हणून ६६२ मीटर लांबीचा, पाण्याने भरलेला पूल १८९६ मध्ये खुला झाला. त्याचे खांब आयफेलच्या कंपनीने उभारले. आज दिव्यांच्या रांगेखालून, पुलाच्या कडेच्या वाटेवरून चालत पलीकडे जाताना एका हाताला कालवा आणि खाली नदी दिसते. पण हा पूल झाला तोवर नदीत जायला कोणी उरलं नव्हतं.

नावा गेल्या आणि सॅंत-एत्येनने धंदा बदलला. बंदुका घडवणारं, रेशमी फिती विणणारं हे गाव. धातू कापण्या-घासण्याचं कसब हाती होतंच, त्यावर १८८० च्या दशकात सायकली बनू लागल्या. तिथल्या शस्त्रांच्या कारखान्याने पुढे ‘इरोंदेल’, म्हणजे पाकोळी, या नावाच्या सायकली देशभर विकल्या. याच गावात पॉल द व्हिव्ही हा रेशमाचा व्यापारी सायकलच्या नादाला लागला. १८८७ मध्ये त्याने सायकलीचं मासिक काढलं आणि ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने लिहू लागला. गावाबाहेरचा ११६१ मीटर उंचीचा रेपुब्लिकचा घाट हा ल्वार आणि रोन या नद्यांमधला पाणलोटाचा दुभाजक. एकाच गिअरच्या सायकलवर असे घाट चढणं म्हणजे शिक्षा, म्हणून व्हेलोसियो आयुष्यभर गिअर बदलता येणाऱ्या सायकलचा प्रचार करत राहिला. शर्यतवाले हसायचे. गिअर म्हणजे म्हाताऱ्यांचे लाड, असा सूर. टूर दि फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारं गिअरचं साधन, वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ मध्ये. म्हणजे रमतगमत फिरणाऱ्यांकडे आधी जे होतं ते शर्यतवाल्यांना नंतर मिळालं, आणि हे उलट घडलं असं आजही पुष्कळांना वाटतं.

लांबच्या प्रवासासाठी व्हेलोसियोने घालून दिलेले नियम अजून चालतात: भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पी, थंडी वाजायच्या आधी अंगावर घे, आणि मिरवण्यासाठी पॅडल मारू नकोस. वाटेत दारू आणि मांस नको, असंही तो सांगायचा. ल्वारच्या खोऱ्यात हा शेवटचा नियम पाळणारे किती निघतील देव जाणे. १९३० मध्ये ट्रामच्या धक्क्याने तो गेला. मृत्यूसुद्धा आपल्याच गावच्या रस्त्यावर.

शर्यत याच खोऱ्यातून गेली. १९०३ च्या पहिल्या टूर दि फ्रान्सचा शेवटचा टप्पा नांत ते पॅरिस, ४७१ किलोमीटर. स्वार संध्याकाळी निघाले, ल्वारच्या बाजूने रात्रभर चालवत राहिले, आणि विजेता मोरिस गारॅं सुमारे १८ तासांनी पोहोचला. शर्यत न लावता, ठरल्या वेळेत लांबचं अंतर पार करायची रीतही त्याच काळातली. पुण्या-नाशिककडचे सायकलस्वार २००, ३००, ६०० किलोमीटरची ‘बीआरएम’ करतात, त्यातली पहिली दोन अक्षरं ज्या फ्रेंच शब्दांची आहेत ते या परंपरेतूनच आले. पण काठाकाठाने रोज पन्नास किलोमीटर जाऊन संध्याकाळी जेवायला बसणारा हा तिसराच प्राणी. त्याची सोय पाहणारी संस्था म्हणजे १८९० मध्ये सायकलवाल्यांनीच काढलेला तूरिंग क्लब. या क्लबने रस्त्यांवर पाट्या लावल्या. खेड्यांतल्या खानावळवाल्यांमागे स्वच्छ खोली आणि धड संडास यांसाठी तगादा लावला. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तर ‘आरोग्यदायी खोली’ नमुन्यादाखल मांडूनच दाखवली. सरकारने मात्र १८९३ पासून सायकलवर कर बसवला. भरल्याची खूण म्हणून पुढे धातूचा बिल्ला आला, आणि हा कर १९५८ पर्यंत टिकला. नगरपालिकेचा सायकलचा बिल्ला आठवणारी पिढी आपल्याकडेही अजून आहे.

तोवर हे फिरणं सवड असलेल्यांचं होतं. कामगाराला सुट्टीच नसे. जून १९३६ मध्ये लेओं ब्लूमच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली आणि उपमंत्री लेओ लाग्रांज याने रेल्वेचं सवलतीचं तिकीट काढलं. त्या उन्हाळ्यातल्या छायाचित्रांत जोडसायकलवर नवरा-बायको दिसतात, मागे बोचकं बांधलेलं. कित्येकांनी समुद्र त्याच वर्षी पहिल्यांदा पाहिला.

पुढे महायुद्ध, आणि त्यामागोमाग मोटारी आल्या. तूर आणि आंजेच्या दरम्यान उत्तर काठचा बांध मोटाररस्त्याने घेतला. १९८३ मध्ये तूरिंग क्लबही बंद पडला. नदीचीही तऱ्हा बरी नव्हती. सिमेंटच्या कामांसाठी पात्रातला वाळू-उपसा बेसुमार झाला, तळ खचत गेला, आणि ९ एप्रिल १९७८ रोजी तूरमधला अठराव्या शतकातला दगडी पूल कोसळू लागला. १९८६ मध्ये धरणांची नवी योजना पुढे आली. ले पुईजवळच्या धरणाच्या जागी १९८९ पासून धरणविरोधी माणसांनी ठाण मांडलं आणि वर्षानुवर्षं ती हलली नाहीत. १९९४ मध्ये सरकारने पवित्रा बदलला. त्या लढ्यातूनच ‘युरोपातली शेवटची रानटी नदी’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. दोन्ही बाजूंना बांध आणि काठावर चार अणुवीज केंद्रं असलेल्या नदीला रानटी म्हणणं मला जरा जास्तच वाटतं. शीतकरण मनोऱ्यांची वाफ सायकलवरून बऱ्याच लांबून दिसते, पत्रकातल्या चित्रांत मात्र ती नसते. तरी धरणं झाली असती तर वाळूची बेटं आणि त्यांवर अंडी घालणारे कुररी पक्षी गेले असते, हे खरंच.

हे भांडण मिटत असतानाच, १९९० च्या दशकाच्या मध्यात, सॉंत्र आणि पेई द ला ल्वार या दोन प्रांतांनी काठाने सायकलमार्ग आखायला घेतला. २००० मध्ये सुली ते शालोन हा नदीचा पट्टा युनेस्कोच्या यादीत गेला, त्याने जोर आला. नवं बांधकाम कमीच. बांधांवरच्या कमी रहदारीच्या वाटा, शेतरस्ते, कालव्याकाठचे नाव ओढायचे मार्ग हेच जोडले गेले. खरं काम पाट्यांचं, आणि मुक्कामाच्या ठिकाणांचं. ‘आक्यय व्हेलो’, म्हणजे सायकलवाल्यांचं स्वागत, हा शिक्का हवा असेल तर जागा मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत हवी, सायकलींना कुलूपबंद आडोसा हवा, पंक्चरचं सामान हवं. तूरिंग क्लबचा शंभर वर्षांपूर्वीचा तगादाच, फक्त आता शिक्क्यासकट.

दिशा कुठली धरायची, यावर जाणते लोक पुन्हा नावाड्यांच्याच अनुभवाशी येतात. नकाशा पाहून वाटतं, नदीबरोबर खाली जावं. चढ-उतार नावालाच, त्यामुळे उताराचा फायदाही नावालाच. तोंडावर येणारा पश्चिमेचा वारा मात्र दिवसभर दमवतो. म्हणून ते उन्हाळ्यात सायकलींसाठी वेगळा डबा जोडलेली गाडी ऑर्लेआंला धरतात, समुद्राकडे जातात, आणि तिथून पाठीवर वारा घेऊन परत वर चढतात.