रेस्क्यू केलेल्या सापासाठी स्वस्तातलं तात्पुरतं घर: टेरेरियम घेण्याआधी हे वाचा

आम्हाला येणारे बरेच फोन एकाच पद्धतीचे असतात, म्हणजे कोणालातरी साप सांभाळणं जमेना, त्याने सोडून दिला, आता तो आमच्याकडे आलाय, सध्या खोक्यात ठेवलाय, तर आजच्या आज कुठलं टेरेरियम (साप ठेवायची काचेची किंवा लाकडी पेटी) मिळेल? आम्ही टेरेरियमच विकतो, तरी सांगतो की आज ते घेऊ नका. पहिले तीन महिने साध्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये काढा, पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या थर्मोस्टॅटवर (तापमान ठरावीक ठेवणारं यंत्र) आणि घट्ट बसणाऱ्या झाकणावर करा, बाकी जवळपास सगळं घरातल्या वस्तूंतून होतं.

टेरेरियम का नको ते आधी सांगतो. दुसऱ्याकडून आलेल्या सापाबरोबर काय काय आलंय ते पहिल्या दिवशी दिसत नाही. सगळ्यात जास्त वेळा येतात ते माईट्स, टाचणीच्या टोकाएवढे काळपट किडे, सापाचं रक्त पितात, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालच्या खवल्यांत लपून बसतात. मादी अंडी घालायला सापाच्या अंगावरून उतरते आणि अंधारी, दमट फट शोधते, आणि लाकडी टेरेरियममध्ये फटींना काय तोटा. एकदा सांध्यांत अंडी गेली की नवंकोरं टेरेरियम महिनोन्महिने धूत बसा. टबला सांधेच नसतात, पाच मिनिटांत रिकामा होतो, धुता येतो. शिवाय घाबरलेल्या, उपाशी सापाला मोठी उघडी जागा नकोच असते, त्याला अंधार आणि अडचण हवी असते.

एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, हे पत्रक पाळीव सापांसाठी आहे, म्हणजे बॉल पायथन, कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक असे. रानातला साप सापडला असेल तर त्याला घरात ठेवू नका, सर्पमित्राला किंवा वन्यजीव खात्याला कळवा. विषारी साप, किंवा बर्मीज पायथनसारखा कित्येक फुटी प्राणी, हे टबचं काम नाही. आणि पाळीव साप असला तरी तुमच्या भागात त्याला कुठले कागद, परवाने लागतात ते आधी बघून घ्या.

टब कसा निवडायचा

पूर्ण वाढलेला बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक साधारण १ ते १.५ मीटरचा असतो, त्याला तात्पुरता म्हणून तळ ९० सेंमी बाय ४५ सेंमीच्या आसपासचा टब चालतो. पिल्लाला छोटा टब पुरतो, उलट मोठ्या टबमध्ये पिल्लू बावरतं आणि खात नाही. उंचीपेक्षा तळाची लांबी बघा. फार आखूड टबमध्ये एका टोकाला गरम केलं की दुसरं टोकही तापतं, मग सापाला निवडायला थंड जागा उरतच नाही, आणि सापाचं सगळं आयुष्य या निवडीवर चालतं, त्याला स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करता येत नाही.

झाकण. सापाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खा साप जातो हे लक्षात ठेवा. बहुतेक टबना दोन्ही टोकांना क्लिप असतात आणि मधे काहीच नसतं, साप रात्रभर नाकाने ढकलत बसतो, झाकण मधोमध वाकतं, आणि कॉर्न स्नेक असेल तर सकाळी टब रिकामा. झाकणावर पुस्तकं ठेवून भागत नाही, चारही बाजूंना क्लिपा असलेला टब घ्या नाहीतर मधून एक-दोन पट्टे आवळून बांधा.

भोकं समोरासमोरच्या दोन बाजूंना पाडा म्हणजे हवा खेळती राहते. ड्रिलने पाडत असाल तर आतून बाहेर पाडा, कारण धारदार कडा ड्रिल जिथून बाहेर पडतं तिथे येते आणि ती सापाच्या बाजूला नको. सोल्डरिंग आयर्नने पाडणार असाल तर उघड्यावर करा, प्लॅस्टिकचा धूर घरात नको. मोठ्या सापाला ५-६ मिलिमीटरची भोकं चालतात, पिल्लांना निम्मी. शेवटी आतून बोट फिरवून बघा, बोटाला टोचलं तर सापाच्या नाकालाही टोचणार.

चिकटपट्टी टबच्या आत कुठेही लावू नका. फट बुजवायला नाही, वायर धरून ठेवायला नाही, कशालाच नाही. साप तिला चिकटला की सुटायला पीळ घालतो आणि खवल्यांसकट कातडी सोलून निघते. चिकटलाच तर ओढू नका, स्वयंपाकाचं साधं तेल बोटाने चोळत चोळत हळूहळू सोडवा, वेळ लागतो, लागू द्या.

गरम जागा: इथे कंजुषी नको

हीट मॅट (विजेवर गरम होणारी चपटी चटई) टबच्या बाहेरून, खालच्या बाजूला लावायची, आणि तळाचा फक्त एक तृतीयांश भाग तिच्यावर येईल अशी. टबला चार कोपऱ्यांत छोटे पाय किंवा लाकडाचे तुकडे द्या, नाहीतर मॅट आणि टेबल यांच्यामधे उष्णता कोंडते. पुष्कळ लोकांना वाटतं की मॅट स्वतःहून ठरावीक तापमानाला थांबते. नाही थांबत! थर्मोस्टॅट नसेल तर ती तापतच जाते, आणि साप चटका बसला म्हणून उठून बाजूला होईल यावर अजिबात विसंबू नका, पोट भाजेपर्यंत तिथेच पडून राहिलेले साप डॉक्टरांकडे नेहमी येतात. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं कमी-जास्त करायचं बटण म्हणजे थर्मोस्टॅट नव्हे, त्या बटणाला तापमान कळत नाही, खोली तापली की टबही तेवढाच जास्त तापतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब (वायरच्या टोकाचा, तापमान मोजणारा भाग) कुठे ठेवायचा यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रश्न येतात. तो मॅट आणि टबचा तळ यांच्यामधे, बाहेरच्या बाजूला पक्का बसवा (इथे चिकटपट्टी चालेल, साप तिथे पोचत नाही). प्रोब आत ठेवला तर साप तो हलवतो, किंवा पाण्याचं भांडं सांडून प्रोब भिजतो, मग थर्मोस्टॅटला वाटतं गारठा पडलाय आणि मॅट जोरात चालू. पण बाहेर ठेवला की आतलं तापमान काही अंशांनी कमी भरतं, म्हणून आत दुसरा डिजिटल थर्मामीटर ठेवून आकडा जुळवावा लागतो, थर्मोस्टॅटवर जे लिहिलंय ते खरं धरू नका. आणि मोजताना कागदावर नाही, कागदाखाली, सरळ प्लॅस्टिकवर मोजा, साप कागदाखाली शिरून नेमका तिथेच पोट टेकून बसतो. काचेवर चिकटवायचे गोल काट्यांचे थर्मामीटर हवेचं तापमान दाखवतात, तेही धड नाही, आम्ही ते विकणं बंद केलंय.

आकडे म्हणाल तर बॉल पायथनला गरम बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २५-२७, कॉर्न स्नेकला गरम २९-३० आणि थंड २२-२४. ३५ च्या वर कधीच नको. दुसरी जात असेल तर आम्हाला विचारा, अंदाजाने लावू नका. सगळं जोडून झालं की रिकामा टब २४ तास चालवून बघा, रात्री आणि भर दुपारी आकडे बघा, मगच साप आत सोडा. साप आधीच घरी आला असेल तर तेवढा वेळ तो सुती उशीच्या अभ्र्यात, तोंड गाठ मारून बांधून, भोकं पाडलेल्या खोक्यात, शांत आणि उबदार खोलीत राहतो, त्याला काही होत नाही.

टबच्या आत बल्ब नको, साप त्याला विळखा घालतो आणि भाजतो. गरम होणारे नकली दगड मिळतात तेही नको, एका जागी फार तापतात. खोलीत दिवसा उजेड आणि रात्री अंधार असला की या सापांना या काळात तेवढं पुरतं.

आत काय ठेवायचं

पांढरा टिश्यू पेपर किंवा कोरा कागद. दिसायला हॉस्पिटलसारखं दिसतं, दिसू दे, पांढऱ्यावर माईट्सचे काळे ठिपके लगेच दिसतात, शी कशी झाली ते कळतं, रक्त पडलं तर कळतं. कागदाचे थरावर थर नकोत, खालची उष्णता अडकते. देवदार आणि पाईनचा भुसा तर नकोच, त्यातल्या वासाच्या तेलांचा त्रास होतो.

लपायला दोन जागा, एक गरम बाजूला एक थंड बाजूला, दोन्ही सारख्याच. एकच ठेवली की साप सुरक्षित वाटतं म्हणून तिथेच बसतो, मग गरम होवो नाहीतर गार. बुटांचा खोका, उपडा घातलेला प्लॅस्टिकचा डबा दाराएवढं भोक पाडून, काहीही चालतं, फक्त आतून सापाच्या अंगाला सगळीकडून टेकेल इतकं अडचणीचं हवं. पुठ्ठ्याचा फायदा असा की खराब झाला की सरळ फेकता येतो. पाण्याचं भांडं जड आणि बसकं घ्या, थंड बाजूला ठेवा, पाणी रोज बदला. साप तासन्तास पाण्यातच बसून राहायला लागला तर कौतुक करू नका, माईट्स बघा, बुडवून मारायचा त्याचा हा प्रयत्न असतो (किंवा टब फार तापलाय).

दमटपणासाठी अख्खा टब ओला करायची गरज नाही. बॉल पायथनला ५०-६० टक्के आर्द्रता लागते, कॉर्न स्नेकला ४०-६०. कमी पडत असेल तर साप शिरेल एवढं भोक पाडलेल्या एका झाकणाच्या डब्यात ओलसर, घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ) भरून ठेवा, डोळे दुधाळ निळसर झाले म्हणजे कात टाकायची वेळ आली, तेव्हा साप आपण होऊन त्यात जाऊन बसतो. खालचा कागद सतत ओला राहिला की पोटाखालचे खवले तपकिरी पडून सडायला लागतात आणि ते बरं करणं टबपेक्षा कितीतरी महाग पडतं.

पहिला आठवडा

काही करू नका. खरंच, पाणी बदला, शी काढा आणि बाजूला व्हा. फोटो, मित्रांना दाखवणं, हातात घेणं हे सगळं नंतर. खायला पहिले ५-७ दिवस देऊ नका, आणि फारच वाळलेला, पाठीचा कणा वर आलेला साप असेल तर त्याला आधी पाणी आणि ऊब लागते, खाणं डॉक्टरांना विचारून, तेसुद्धा नेहमीपेक्षा लहान उंदरापासून सुरू. उपाशी शरीरात एकदम मोठा घास गेला की ते सोसत नाही, जीवही जाऊ शकतो. दया म्हणून मोठा उंदीर घालणारे लोक भेटतात, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय. उंदीर फ्रीझ केलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला द्या, जिवंत नको, जिवंत उंदीर सापाला चावतो. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. ओकला तर लगेच दुसरा देऊ नका, निदान १० दिवस थांबा आणि तापमान पुन्हा तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्यासारख्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवा (काटा मात्र वेगळा ठेवा, पिठाचा नको). डोळ्याला साप आहे तसाच दिसतो, वजन घटतंय हे वहीतच कळतं.

घरात आधीपासून साप असेल तर नवीन टब वेगळ्या खोलीत. काम नेहमी जुन्या सापांपासून सुरू करून नव्यावर संपवायचं, नंतर हात धुवायचे, कपडे बदलले तर अजून चांगलं. चिमटे, भांडी सगळी वेगळी. अजगर आणि बोआ कुळातल्या सापांत असे विषाणूजन्य आजार आहेत की साप महिनोन्महिने बाहेरून ठणठणीत दिसतो आणि दुसऱ्याला देतो, ६० ते ९० दिवस वेगळं ठेवायला सांगतो ते म्हणूनच, आणि बोआ किंवा पायथन असेल तर ९० च धरा.

टब धुताना साप बाहेर, आधी साबणाने घाण काढायची, मग क्लोरहेक्सिडिन (एक जंतुनाशक) किंवा पातळ केलेलं ब्लीच, १० मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळवायचं, वास राहता कामा नये. दोन औषधं एकत्र करायची नाहीत. फिनाईलच्या जातीची जंतुनाशकं सापांना विषारी असतात, ती नकोत. धुणं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, निरोगी सापाच्या शीमध्येही साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारा जिवाणू) असू शकतो, आणि ५ वर्षांखालच्या मुलांना टबपासून लांबच ठेवा.

माईट्स दिसले तर कुत्र्या-मांजराचा गोचीड स्प्रे मनाने मारू नका, त्यातल्या काही औषधांनी साप मरतात. साप तोंड उघडून श्वास घेतोय, नाका-तोंडातून फेस येतोय, घरघर ऐकू येतेय, मान वाकडी करून वर बघत बसतोय, यातलं काहीही दिसलं तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, सापांची माहिती असलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जा. आम्ही टब आणि वायरी विकणारे लोक आहोत.

तीन महिने गेले, साप नियमित खातोय, वजन वाढतंय, कात एका तुकड्यात निघाली, माईट्स नाहीत, मग या टेरेरियम बघायला, तेव्हा आम्ही मोठंच दाखवू, साप पूर्ण लांब पसरू शकेल असं. टब कायमचं घर नाही, ते आम्हीही मान्य करतो. येताना वजनाची वही आणि सापाची लांबी लिहून आणा. साप आणू नका, दुकानात दुसऱ्यांचेही साप असतात.