गोळी दहिवडीपर्यंत आली, पुढचं काय?

उच्च रक्तदाबावर काय करायचं, यात आता फारसं गूढ राहिलेलं नाही. बहुतेकांना अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी रोज एक सुरू करायची. तेवढ्यानं भागलं नाही तर टेल्मिसार्टन जोडायची, मग डोस वाढवायचा. गोळ्या स्वस्त आहेत, भारतातच बनतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. तरीही आपल्या देशात दर चार प्रौढांमागे निदान एकाला बीपी आहे आणि त्यांच्यापैकी जेमतेम १२ टक्के लोकांचं बीपी आटोक्यात आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं होतं.

उरलेल्या ८८ टक्क्यांत सगळ्या तऱ्हेची माणसं आहेत. काहींचं बीपी कुणी मोजलेलंच नाही. काहींचं मोजलं, चिठ्ठी मिळाली, पण गोळी सुरू झाली नाही. काही जण महिनाभर घेतात आणि थांबतात. "बरं वाटतंय की आता, मग गोळी कशाला खायाची?" हे वाक्य सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावात, दहिवडीच्या आसपास कुठल्याही उपकेंद्रात बसलं तर तासाभरात कानावर पडेल. बीपी दुखत नाही, त्यामुळे ते वाक्य खोटंही वाटत नाही. मग एखाद्या पहाटे तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही आणि घरचे गाडी काढून साताऱ्याकडे किंवा कऱ्हाडकडे धावतात.

टेंभू-म्हैसाळ उपसा सिंचन योजनांच्या पट्ट्यातल्या माणसाला हा प्रकार नवा नाही. पंप चालू आहे, मुख्य कालवा भरून वाहतोय आणि शेवटच्या चारीवरचं शेत कोरडं. अशा वेळी पाण्याचा गुण तपासून काही हाती लागत नाही. गळती कुठे आहे, दार कोण उघडतं, पाळी कशी लागते, हे जागेवर जाऊन मोजावं लागतं. आरोग्यसेवेत हेच काम शिस्तीनं, आकडे धरून आणि पडताळून केलं की ते अंमलबजावणी संशोधन होतं. औषध चालतं का, हा प्रश्न प्रयोगशाळेनं आणि मोठ्या रुग्णालयांनी सोडवलेला असतो. चालणारं औषध माणसापर्यंत पोचत का नाही, पोचलं तर टिकत का नाही, हे शोधायला तितकंच काटेकोर विज्ञान लागतं. माझ्या मते आपल्यासारख्या देशात आज त्याची निकड अधिक आहे.

क्षयरोगात हे पूर्वीच घडून गेलंय. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे. क्षयरोग्याला घरापासून दूर, मोकळ्या हवेत, सॅनेटोरियममध्ये ठेवायचं, या जुन्या उपचारपद्धतीची ती एक ठळक खूण. पण देशभरात लाखो रुग्ण आणि खाटा मोजक्या. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या घरीच, तीच औषधं वर्षभर दिली. घरी राहिलेल्यांचं खाणंपिणं बेताचं, खोल्या दाटीच्या, विश्रांती कमी. तरी बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं आणि घरातल्या इतरांना होणारी लागणही त्यामुळे वाढली नाही. औषध दोन्हीकडे एकच होतं. तपासली गेली ती ते देण्याची पद्धत. त्या एका निष्कर्षानं जगभरातल्या क्षयरोग कार्यक्रमांची दिशा बदलली. पुढचा पेच लगेच उभा राहिला, तो म्हणजे घरी गेलेला रुग्ण मधेच औषध सोडतो. त्यातून प्रत्येक रुग्णाचं कार्ड आणि दर तिमाहीचा हिशोब ही पद्धत रुळली.

तीच पद्धत साठ वर्षांनी साताऱ्यात बीपीसाठी आली. २०१७ च्या अखेरीस भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, केंद्र व राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना आणि 'रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज' ही संस्था यांनी मिळून 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा बीपी आटोक्यात आणण्याचा कार्यक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सिंधुदुर्ग आणि सातारा. कार्यक्रमात नवं औषध एकही नव्हतं. ठरलेला उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, डॉक्टरांच्या बरोबरीनं नर्स आणि आशाताईंना नेमून दिलेलं काम, गावाजवळच्या केंद्रात एकदम महिनाभराच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा, एवढंच.

यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते गोळ्यांच्या मागणीचं गणित. सरकारी दवाखान्यात औषधाची मागणी म्हणजे इंडेंट. तो बहुतेक वेळा गेल्या वर्षीच्या खपावर दहा टक्के चढवून भरला जातो. ऐकायला वाजवी वाटतं. आता समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे बीपीचे ३०० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी. वर्षाची गरज १,०९,५०० गोळ्या. गेल्या वर्षी चार महिने साठा संपलेला होता, म्हणून रजिस्टरमध्ये खप दिसतो ७३,००० च्या आसपास. त्यावर दहा टक्के चढवले की नवी मागणी ८०,३००. म्हणजे वर्ष सुरू होण्याआधीच २९,२०० गोळ्यांचा, म्हणजे ८० माणसांच्या वर्षभराच्या औषधाचा, तुटवडा कागदावर पक्का झाला. यात कुणी चोरी केली नाही, कुणी कामचुकारपणाही केला नाही. नियम पाळूनच ८० माणसं गोळीविना राहिली. कार्यक्रमातल्या लोकांनी खपाऐवजी रुग्णसंख्येवर मागणी बेतायला सुरुवात केली आणि साठा किती गोळ्यांचा आहे याऐवजी तो किती दिवस पुरेल हे मोजलं. औषधांची उपलब्धता सुधारली.

दुसरा बदल मोजणीतला. पूर्वी अहवालात जायचं ते 'किती जणांची तपासणी केली'. आता विचारतात, एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांपैकी पुढच्या तिमाहीत किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आलं. जो फिरकलाच नाही, तोही भाजकात धरायचा. ही अट कडक आहे आणि तशीच असायला हवी, कारण न आलेला माणूस हिशोबातून गेला की टक्केवारी आपोआप गोजिरी दिसते. चार राज्यांतल्या २४ निवडक केंद्रांवरच्या सुमारे २२ हजार रुग्णांच्या अभ्यासात नोंदणीवेळी २६ टक्क्यांचं बीपी आटोक्यात होतं. पुढे ते प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत गेलं. केंद्र जितकं गावाजवळ तितकं हे प्रमाण चांगलं, हेही दिसलं. मोठं रुग्णालय म्हणजे चांगला उपचार, असं आपण धरून चालतो. पण रोजच्या गोळीच्या आजारात एसटीचं तिकीट, बुडालेली मजुरी आणि रांगेतला वेळ यांचं वजन फार असतं.

आकड्यांची एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. बीपीचं जुनं रजिस्टर उघडलं की १३०/८०, १४०/९०, १३०/८० अशी पानंच्या पानं दिसतात. खऱ्या माणसांचं बीपी असं शून्यावर संपत नाही. डिजिटल यंत्र १३७/८६ दाखवतं, १४३/९१ दाखवतं. सगळे आकडे शून्यावर संपत असतील तर एक तर पारा अंदाजानं वाचलाय, किंवा मोजलेलंच नाही. कधी यंत्राचे सेल संपलेले असतात आणि ते मागवायला कुठल्या खात्यातून पैसे काढायचे हे कुणालाच ठाऊक नसतं. संशोधन चालवणाऱ्याची कसोटी इथे लागते. आढावा बैठकीत अशा केंद्राला झापलं तर पुढच्या महिन्यात आकडे सुधारतील, रुग्ण नाही. कारण विचारलं तर सेल मिळतील.

कारण शोधताना आपल्या अंदाजावर विसंबू नये, याचा धडा सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पलीकडे कर्नाटकात मिळालाय. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएस, म्हणजे मीठ-साखरेचं द्रावण, द्यायचं, हे कुठलाही डॉक्टर झोपेतही सांगेल. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याची ताकद दाखवून दिली होती. तरी खाजगी दवाखान्यांतून ते लिहून का दिलं जात नाही? संशोधकांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ शहरांत दोन हजारांहून अधिक खाजगी सेवादात्यांकडे शिकवून तयार केलेली माणसं पाठवली. घरी दोन वर्षांचं मूल जुलाबानं आजारी आहे, एवढंच त्यांनी सांगायचं. काहींनी वर आपल्याला ओआरएस हवं आहे असंही सुचवायचं. काही दवाखान्यांना ओआरएसचा साठा पुरवला गेला. २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. न लिहिण्यामागे साठ्याचा वाटा सुमारे ६ टक्के, इतर औषधं विकून होणाऱ्या फायद्याचा सुमारे ५ टक्के. आणि 'रुग्णाला ओआरएस नकोच असतं' या डॉक्टरांच्या समजुतीचा वाटा तब्बल ४२ टक्के. घरच्यांना वाटतं डॉक्टर देतील ते खरं, डॉक्टरांना वाटतं यांना इंजेक्शन हवंय. नुसती पाकिटं वाटण्यावर किंवा डॉक्टरांच्या नफेखोरीवर सगळा भर देणारी योजना इथे बऱ्याच अंशी चुकीच्या जागी खर्ची पडली असती.

असं संशोधन उभं करायचं तर प्रश्न कुणी विचारायचा, यावर सगळं अवलंबून असतं. बाहेरची संस्था दोन वर्षांचा निधी घेऊन येते, प्रश्नावली भरून नेते आणि निष्कर्ष छापून येईपर्यंत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची बदली झालेली असते. त्यापेक्षा ज्याच्या हातात उद्या बदल करणं आहे, त्यानंच प्रश्न ठरवावा आणि उत्तरही त्यालाच, बदल करता येईल इतक्या लवकर मिळावं. संशोधकानं पद्धत सांभाळावी, पडताळावं, मधेच काही बदललं तर तारखेनिशी नोंदवून ठेवावं. २०२० च्या टाळेबंदीत नर्सताई आणि आशाताईंनी गोळ्या घरपोच दिल्या. कुणी तरी त्याची नीट नोंद ठेवली, म्हणूनच तो मार्ग पुढेही वापरता येतो.

आपल्याकडे असे प्रश्न पडलेलेच आहेत. माणमधले मेंढपाळ दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन निघतात ते पावसाच्या तोंडावर परततात. खानापूर-आटपाडीचे सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले. पाटण-जावळीतली माणसं माथाडी कामासाठी मुंबईत. महिनाभराच्या गोळ्यांचा नियम यांच्यासाठी कुचकामी आहे. तीन महिन्यांच्या गोळ्या, सोबत कार्ड आणि उपकेंद्रातून दरमहा एक फोन, हे चालेल का? काही केंद्रांत हे करावं, तशाच दुसऱ्या केंद्रांत सध्याचीच पद्धत ठेवावी, दोन्हीकडे वर्षअखेर १४०/९० खालचे किती, हे मोजावं. किती गोळ्या वाया गेल्या, फोनवर सिस्टरचा किती वेळ गेला, हेही धरावं. नैतिक समितीची मान्यता, रुग्णांची संमती आणि वाढीव गोळ्यांचा इंडेंट यांना काही महिने लागतात. दिवाळीनंतर वाडे हलण्याआधी गोळ्या हातात हव्या असतील, तर समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई आणि एखादा मेंढपाळ यांना समोरासमोर बसवून हा प्रश्न उन्हाळ्यातच लिहून काढावा लागेल.