‘आपले’ कोण? युद्ध, भूक आणि आपलेपणाच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

युद्ध आले की माणसातला पशू जागा होतो, असे एक मत आहे. आणि संकटातच माणुसकीचे खरे दर्शन घडते, असे दुसरे. दोन्ही मते फार जुनी आहेत आणि दोन्हींच्या बाजूने पुरावे देता येतात. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाकडे निरीक्षणे आणि मोजमापे हाती घेऊन पाहण्याचे प्रयत्न झाले. त्यांतून जे हाती लागले, ते माझ्या मते या दोन्ही मतांपेक्षा अधिक मोलाचे आहे. हाल किती झाले यापेक्षा ते कोणाच्या वाट्याला किती आले, त्या काळात माणसाच्या हाताला काही काम होते की नव्हते, आणि ‘आपल्या’ माणसांची हद्द कोठे आखली गेली, यांवर माणसे एकमेकांना धरून राहतात की एकमेकांच्या तोंडचा घास काढून घेतात, हे बरेचसे ठरते.

या विचाराचा पहिला मोठा साक्षीदार ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातले युद्ध इ.स.पू. ४३१ मध्ये सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी, तटबंदीच्या आत दाटीवाटीने राहणाऱ्या अथेन्सवर साथीचा रोग कोसळला. थ्युसिडिडीस स्वतः त्या रोगातून उठलेला होता. लोक आप्तांच्या जवळ जायलाही धजत नव्हते, मृतांचे संस्कार कसेबसे उरकले जात होते आणि उद्याचा भरवसा नसल्याने कायद्याचा धाक संपला होता, असे त्याने लिहून ठेवले. त्याच वर्णनात एक छोटी नोंद आहे. आजाऱ्यांची सर्वांत जास्त कणव होती ती रोगातून बऱ्या झालेल्यांना, कारण त्यांनी ते दुखणे भोगले होते आणि आता त्यांना स्वतःसाठी भीती उरलेली नव्हती. पुढे इ.स.पू. ४२७ मध्ये कोर्किरा बेटावर यादवी माजली, तेव्हाचे त्याचे चित्र याहून भीषण आहे. तेथे शब्दांचे अर्थच बदलले, आततायीपणाला निष्ठा म्हणू लागले, सावधपणाला भ्याडपणा, आणि रक्ताच्या नात्यापेक्षा गटाचे नाते जवळचे ठरले. युद्ध हा हिंसक शिक्षक आहे, हे त्याचे शब्द याच प्रकरणातले.

थ्युसिडिडीसचा इंग्रजी अनुवाद तत्त्वज्ञ टॉमस हॉब्जने १६२९ मध्ये प्रसिद्ध केला. नंतर इंग्लंडमधील यादवीचा काळ पाहून १६५१ मध्ये त्याने ‘लेव्हायथन’ लिहिले आणि वरचा धाक नाहीसा झाला की प्रत्येक जण प्रत्येकाचा वैरी होतो, ही कल्पना युरोपीय विचारात घट्ट रुजली. हॉब्जने कोर्किरा उचलले आणि अथेन्समधली ती बरी झालेली माणसे मागे ठेवली, असे मला नेहमी वाटत आले आहे.

या चित्राची दुसरी बाजू उत्तर आफ्रिकेतून पुढे आली, आणि तीही हॉब्जच्या पावणेतीनशे वर्षे आधी. ट्युनिसमध्ये १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दून या इतिहासकाराचे आईवडील प्लेगच्या महासाथीत गेले, तेव्हा तो विशीतही नव्हता. १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने ‘असबिय्या’ ही कल्पना मांडली. वाळवंटातल्या खडतर जगण्यात टोळीतला प्रत्येक जण दुसऱ्यावर विसंबून असतो, त्यातून जिवाला जीव देणारी एकजूट तयार होते आणि त्या बळावर टोळी राज्य मिळवते. मग शहरातले सुख अंगी लागते आणि साधारण तीन पिढ्यांत ती एकजूट विरून जाते. कष्ट माणसांना बांधतात आणि सुबत्ता त्यांना सुटे करते, हे सूत्र इतक्या स्पष्टपणे त्याच्याआधी कोणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

आकड्यांच्या आधाराने या प्रश्नाला हात घातला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइमने. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्महत्येवरील ग्रंथात त्याने दाखवले की १८६६ च्या आणि १८७०-७१ च्या युद्धांच्या काळात त्यांत उतरलेल्या देशांमध्ये आत्महत्या घटल्या होत्या. युद्धाने दुःख वाढते, मग आत्महत्या कमी का व्हाव्यात? त्याचे उत्तर असे की समान धोक्यामुळे माणसे जवळ येतात, व्यक्ती स्वतःपेक्षा समाजाचा अधिक विचार करू लागते, आणि समाजाशी असलेला हा बंध तिला जगण्यात धरून ठेवतो. हे लिहिणाऱ्या दुर्खाइमचा मुलगा पहिल्या महायुद्धात १९१५ च्या अखेरीस मारला गेला, आणि त्या धक्क्यातून न सावरता १९१७ मध्ये तो स्वतःही गेला. समाजाच्या पातळीवर खरे असलेले सूत्र एका बापाच्या कामी आले नाही, ही गोष्ट या विषयावर लिहिताना विसरता येत नाही.

तो गेला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबर १९१७ रोजी, कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात स्फोटकांनी भरलेल्या ‘माँ ब्लाँ’ या जहाजाची दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन आग लागली आणि थोड्याच वेळात झालेल्या स्फोटात शहराचा उत्तर भाग जमीनदोस्त झाला. सुमारे दोन हजार माणसे मेली. बंदराजवळच्या रेल्वे कचेरीत तारेवर काम करणारा व्हिन्स कोलमन जहाज पेटल्याचे कळल्यावर बाहेर पडला होता. पण प्रवासी गाडी शहराकडे येत आहे हे आठवून तो परत फिरला आणि त्याने पुढच्या स्थानकांना गाडी थांबवण्याची तार केली. हा बहुधा आपला शेवटचा संदेश असेल, असेही त्याने त्याच तारेत कळवले आणि सर्वांचा निरोप घेतला. स्फोटात तो गेला. त्या शहरात धर्मोपदेशक असलेल्या सॅम्युअल प्रिन्स यांनी या घटनेवर कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रबंध आपत्तीचा पहिला पद्धतशीर समाजशास्त्रीय अभ्यास मानला जातो. एकमेकांसाठी धावणारी माणसे प्रिन्स यांनी नोंदली आणि मृतांच्या अंगावरचे लुटणारीही लपवली नाहीत. हा प्रामाणिकपणा नंतरच्या पुष्कळ लेखनात आढळत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मात्र राज्यकर्त्यांच्या मनात हॉब्जच होता. बॉम्बहल्ले सुरू झाले की शहरांतली गर्दी भेदरून सैरावैरा पळेल, असे गृहीत धरलेले होते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या एका गटाने १९३८ मध्ये असा अंदाज दिला की हल्ल्यांच्या पहिल्या सहा महिन्यांत तीस ते चाळीस लाख लोक मानसिकदृष्ट्या कोलमडतील. त्यांच्यासाठी रुग्णालयांत खाटा राखून ठेवण्यात आल्या. ७ सप्टेंबर १९४० पासून पुढच्या मे महिन्यापर्यंत ब्रिटिश शहरांवर बॉम्ब पडत राहिले, चाळीस हजारांहून अधिक नागरिक मेले, पण तो लोंढा आलाच नाही.

हल्ले सुरू झाले तेव्हा भुयारी रेल्वेची स्थानके निवाऱ्यासाठी खुली करायला सरकार तयार नव्हते, कारण एकदा आत शिरलेले लोक बाहेर येणारच नाहीत, ही भीती होती. लोकांनी साधी तिकिटे काढली, अंथरुणे घेऊन ते खाली उतरले आणि फलाटांवर झोपले. सरकारला नमते घ्यावे लागले आणि पुढे तेथे पलंग, संडास आणि चहाचीही सोय झाली. पण त्याआधीच फलाटावरल्या लोकांनी आपापल्या समित्या नेमल्या होत्या. कोणी कोठे झोपायचे, झाडलोट कोणी करायची, दिवे कधी मालवायचे, हे त्या ठरवत. स्विस कॉटेज स्थानकात आसरा घेणाऱ्यांनी तर स्वतःचे छोटे पत्रकही काढले. मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती झाडलोटीची पाळी. भीतीने गोठून बसलेल्या माणसाच्या हातात कोणीतरी झाडू देतो आणि त्या क्षणापासून तो त्या जागेचा होतो.

याच लंडनमध्ये १४ सप्टेंबर १९४० च्या रात्री पूर्व भागातील गरीब वस्त्यांमधले काही रहिवासी, फिल पिरॅटिन यांच्या नेतृत्वाखाली, सॅव्हॉय या श्रीमंती हॉटेलच्या तळघरातील निवाऱ्यात शिरले. गोदीजवळच्या त्यांच्या घरांवर रोज बॉम्ब पडत होते आणि धड निवारा नव्हता. येथे मात्र उबदार खाटा मांडलेल्या होत्या. ब्लिट्झच्या, म्हणजे या बॉम्बहल्ल्यांच्या, आठवणी सांगताना ही रात्र वगळली जाते, पण आपलेपणा कशाने तुटू पाहतो हे तिच्यातून नेमके कळते. बॉम्बचा धाक सर्वांना सारखाच होता, निवारा मात्र सारखा नव्हता, आणि लोकांना सहन झाली नाही ती ही तफावत. सरकारलाही हे उमगलेले असावे. जानेवारी १९४० पासून लागू झालेले शिधावाटप श्रीमंत-गरीब सर्वांना एकाच मापाने होते आणि त्याला मिळालेल्या पाठिंब्यामागे हीच बरोबरीची भावना होती.

अमेरिकी हवाई दलातील अधिकारी म्हणून त्या काळात ब्रिटनमध्ये असलेल्या चार्ल्स फ्रिट्झला एका गोष्टीचे कोडे पडले होते: वर्षानुवर्षे युद्ध सोसणारी ही माणसे खचलेली का दिसत नाहीत? युद्धानंतर जर्मन शहरांवरील बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांची पाहणी करणाऱ्या अमेरिकी पथकात त्याने काम केले आणि नंतर शिकागो विद्यापीठात आपत्तींचा अभ्यास केला. १९६१ च्या सुमारास त्याने आपले निष्कर्ष मांडले. त्यांतला सविस्तर प्रबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आपत्तीत ‘सहदुःखितांचा समाज’ तयार होतो, असे त्याचे म्हणणे. धोका बाहेरचा आणि डोळ्यांना दिसणारा असतो, तो सर्वांवर असतो, हुद्दे आणि ऐपत काही काळ गळून पडतात, दुःख चारचौघांत बोलता येते आणि प्रत्येकाला करण्यासारखे काहीतरी काम मिळते. नेहमीच्या जगण्यात यांतले फारसे काही वाट्याला येत नाही, हेही त्याने स्पष्टपणे लिहिले.

सैनिकांचा अभ्यासही याच सुमारास झाला. एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ यांनी १९४८ मध्ये मांडले की जर्मन सैनिक शेवटपर्यंत लढला तो विचारसरणीपेक्षा आपल्या तुकडीतल्या सोबत्यांसाठी. ओमर बार्टोव्ह यांनी नंतर याला जोरदार हरकत घेतली. पूर्व आघाडीवर तुकड्या इतक्या झपाट्याने कापल्या जात होत्या की जुने सोबती उरतच नव्हते, आणि शत्रूला माणूस न मानण्याची शिकवण सैनिकांच्या अंगी पुरेपूर भिनलेली होती, असे त्यांनी दाखवले. मला बार्टोव्ह यांचे म्हणणे अधिक पटते.

बॉम्ब आणि भूक यांत मात्र फार मोठा फरक आहे. सोव्हिएत रशियातील लेनिनग्राडला ८ सप्टेंबर १९४१ रोजी जर्मन फौजांचा वेढा पडला आणि तो ८७२ दिवस टिकला. त्या वर्षीच्या २० नोव्हेंबरपासून महिनाभराहून अधिक काळ कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम पाव मिळत होता. कचेरीतल्या नोकरांना, अवलंबितांना आणि मुलांना १२५ ग्रॅम. त्या पावातही पिठाच्या जोडीला काय काय मिसळलेले असे. शिधापत्रिका हरवणे म्हणजे बहुधा मरण, म्हणून ती हिसकावली जाई. घराघरांत आईबापांना आणि मुलांना रोज ठरवावे लागे की तुकड्याचे भाग किती आणि कोणाचे. नरमांसभक्षणाबद्दल सुमारे दोन हजार लोकांना अटक झाली. त्याच शहरातील वनस्पतिसंशोधन संस्थेत जगभरातून जमवलेल्या बियाण्यांच्या साठ्याची राखण करणारे संशोधक एकेक करून उपासमारीने मेले. तांदळाच्या वाणांचा अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह मेला तेव्हा तांदळाच्या हजारो पुड्या त्याच्या आसपास शाबूत होत्या. ही दोन्ही तऱ्हेची माणसे एकाच शहरातली, एकाच हिवाळ्यातली. यांतल्या कोणत्याही एकाला माणसाचा ‘खरा स्वभाव’ म्हणायला मी तयार नाही.

भूक एकट्याला काय करते, हे अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये तपासले गेले. युद्धात शस्त्र घ्यायला नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना निम्म्या आहारावर ठेवण्यात आले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. आदर्शवादाने भारलेली ही मुले हळूहळू चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. ती ताटल्या चाटत, पाककृतींची पुस्तके वाचत बसत, आणि गप्पा, विनोद, प्रेम यांत त्यांना रस उरला नाही. बॉम्ब माणसाला शेजाऱ्याकडे ढकलतो. भूक मात्र त्याला स्वतःच्या पोटाभोवती आवळत नेते. ऑशविट्झमधून वाचलेल्या प्रीमो लेव्ही यांनी छळछावणीतील ज्या ‘करड्या प्रदेशा’बद्दल लिहिले, तेथे ही भूक मुद्दाम लादलेली होती. अर्धी वाटी अधिक सूपासाठी कैद्याला कैद्यावर घालण्याची ती व्यवस्थाच होती. अशा ठिकाणी कोण कसा वागला याचा निवाडा बाहेरच्याने करू नये, हे त्यांचे म्हणणे मला शिरोधार्य वाटते.

राहतो तो हद्दीचा प्रश्न. ज्या जर्मन शहरांच्या चिवटपणाचे फ्रिट्झला नवल वाटले, तेथेच सक्तीने राबवायला आणलेल्या पूर्वेकडील मजुरांना सार्वजनिक बॉम्ब-निवाऱ्यांत प्रवेश नव्हता. सहदुःखितांच्या त्या समाजाला दार होते आणि ते आतून बंद होते. उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये १९६९-७० च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलींच्या काळात आत्महत्या आणि पुरुषांमधील नैराश्य घटल्याचे मनोविकारतज्ज्ञ एच. ए. लायन्स यांनी १९७२ मध्ये नोंदवले, म्हणजे दुर्खाइमचे निरीक्षण पुन्हा खरे ठरले. पण तेथे एकजूट झाली होती ती गल्लीपुरती, पलीकडच्या गल्लीविरुद्ध. याउलट बोस्नियाची राजधानी सारायेव्होला १९९२ मध्ये सर्ब फौजांनी वेढा घातला, तेव्हा शहराच्या बचावाच्या नेतृत्वात जन्माने सर्ब असलेले जनरल योव्हान दिव्याक होते. आपली माणसे कोण, हे त्यांनी वंशावरून ठरवले नाही, राहत्या शहरावरून ठरवले.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमाच्या शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात वैर कसे पेटते, हे दाखवले. तो प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग मात्र फसला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या वेळी गट पाडण्याआधी मुलांची एकमेकांशी ओळख झालेली होती, आणि त्यांना चिथावण्याचे प्रयत्न होऊनही ती एकमेकांवर उठली नाहीत. उलट मोठ्या माणसांचाच त्यांना संशय आला.

अलीकडच्या वीस वर्षांत सिएरा लिओन, युगांडा, बुरुंडी आणि नेपाळ येथील युद्धग्रस्त कुटुंबांच्या पाहण्या झाल्या. हिंसेची झळ अधिक लागलेली माणसे पुढे गावच्या बैठकांना अधिक जातात, सामूहिक कामात अधिक भाग घेतात, असे त्यांतून वारंवार दिसले. जॉर्जियातील २००८ च्या युद्धानंतर आणि सिएरा लिओनमधील यादवी संपून काही वर्षे लोटल्यावर मुलांना आणि तरुणांना स्वतःत आणि न दिसणाऱ्या दुसऱ्या कोणात तरी बक्षीस वाटायला सांगण्यात आले. हा दुसरा कधी त्यांच्याच शाळेतला किंवा गावातला असे, तर कधी दूरच्या ठिकाणचा. साधारण सात ते वीस या वयात ज्यांनी युद्ध सोसले होते, त्यांनी आपल्या गावच्या मुलाला बरोबरीचा वाटा देण्याकडे अधिक कल दाखवला. दूरचा मुलगा शत्रूपक्षाचा नव्हता, त्याच देशातला होता, फक्त ओळखीचा नव्हता. त्याच्या वाट्यात वाढ झाली नाही.