हृदय १९६८चं, यादी २०००ची

किडनीच्या प्रतीक्षा यादीत नाव असलेल्याला फोन येतो तो बहुतेकदा अपरात्री. प्रत्यारोपण समन्वयक आधी विचारते, ताप-खोकला काही नाही ना? मग, शेवटचं कधी खाल्लंत? आणि मग मुद्द्याचं, किती वेळात पोचाल? एका किडनीसाठी दोघा-तिघांना बोलावतात. रक्ताची क्रॉसमॅच होते. यादीत वर असलेल्यांपैकी ज्याचं जुळतं तो थिएटरात जातो, बाकीचे सकाळी घरी, किंवा वार असेल तर थेट डायलिसिसच्या खुर्चीवर. अशा परत पाठवलेल्या एक काकू मला डायलिसिस युनिटबाहेरच्या बाकावर भेटल्या होत्या. म्हणाल्या, "तिसरा फोन होता. आता पिशवी उपसतच नाही, भरलेलीच ठेवते."

हा फोन नेमका त्यांनाच का येतो, शेजारच्या खुर्चीवरच्या पैसेवाल्याला का नाही, याचं उत्तर शस्त्रक्रियेच्या इतिहासात सापडत नाही. शस्त्रक्रिया आपल्याला फार आधीपासून येत होती.

किती आधीपासून? केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं ते ३ डिसेंबर १९६७ला. त्यानंतर अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ला, परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने हृदय बसवलं. जगातल्या पहिल्या अर्धा डझनात गणलं जाणारं हे प्रत्यारोपण महापालिकेच्या रुग्णालयात झालं. रुग्ण जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रयत्न झाला, तोही काही तासांतच संपला. त्याआधी १९६५मध्ये केईएममध्येच मृत दात्याची किडनी बसवून पाहिली होती.

सेन यांच्या पथकाचा हात कुठे कमी पडला नव्हता. शरीर परका अवयव नाकारतं, त्यावर तेव्हा धड औषध नव्हतं, ही एक अडचण. दुसरी अडचण कमी सांगितली जाते. हृदय धडधडत असताना माणूस मेला असं म्हणायचं कोणत्या आधारावर? मेंदूमृत्यूचे निकष मांडणारा हार्वर्डच्या समितीचा अहवाल ऑगस्ट १९६८चा, म्हणजे सेन यांच्या पहिल्या शस्त्रक्रियेनंतरचा. भारतात तर त्याला कायद्याचं पाठबळ मिळायला आणखी सव्वीस वर्षं लागली. जपानमध्ये त्याच ऑगस्टमध्ये झालेल्या हृदय प्रत्यारोपणावरून सर्जनची फौजदारी चौकशी झाली आणि तिथे मेंदूमृत दात्याच्या अवयवांसाठी १९९७पर्यंत कायदा आला नाही. आपल्याकडे इतका गदारोळ झाला नाही, विषय नुसता थंड बसला.

डोळ्यांचं मात्र वेगळं होतं. बुबुळाच्या प्रत्यारोपणासाठी मुंबई राज्याने १९५७मध्येच कायदा केला होता. बुबुळ मृत्यूनंतर काही तासांनी काढलं तरी चालतं, हृदय बंद पडलेलं असलं तरी चालतं. त्यामुळे नेत्रदान गावोगावच्या लायन्स-रोटरीच्या फलकांवर पोचलं आणि लोकांच्या डोक्यात 'दान म्हणजे मेल्यावर घरून फोन करायचा' हे पक्कं बसलं. यकृत, हृदय, किडनी यांना ते लागू नाही. तिथे माणूस आयसीयूत, व्हेंटिलेटरवर असावा लागतो. देहदान, नेत्रदान आणि अवयवदान यांची गल्लत आजही होते, तिचं मूळ इथे आहे.

किडनीची गाडी दरम्यान जिवंत दात्यावर चालू लागली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१मध्ये पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. तेव्हा दाता म्हणजे भाऊ, बहीण, आई. रक्ताचं नातं लागायचं, कारण ऊती जुळल्या नाहीत तर किडनी टिकायची नाही. ऐंशीच्या दशकात शरीराचा हा नकार दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि हे बदललं. आता परक्याची किडनीही टिकू लागली. औषध वरदानच होतं, पण त्याच औषधाने बाजार उघडला. परक्याची किडनी चालते म्हटल्यावर विकत घेता येते, आणि विकत घेता येते म्हटल्यावर विकणारा शोधायला दलाल येतो. मुंबईच्या खाजगी रुग्णालयांत आखातातून रुग्ण येऊ लागले. चेन्नईतल्या विल्लीवाक्कमला लोक 'किडनीवाक्कम' म्हणू लागले, कारण तिथल्या झोपडपट्टीत जिच्या पोटावर तो लांब व्रण नाही अशी बाई सापडणं कठीण झालं होतं.

यातून १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला कायदा करण्यासाठी राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करून द्यावा लागतो. महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाने तो दिला. म्हणून मूळ कायद्याच्या पहिल्याच कलमात या तिघांची नावं आहेत. ४ फेब्रुवारी १९९५ला तो अमलात आला. इतर राज्यांनी नंतर एकेक करून तो स्वीकारला.

कायद्याने दोन कामं एकदम केली. विक्री गुन्हा ठरवली आणि मेंदूमृत्यू हा मृत्यूच ठरवला. पहिल्या कामाला मात्र एक भोक राहिलं. जवळच्या नातेवाइकाखेरीज कुणी 'आपुलकी किंवा जिव्हाळ्यापोटी' अवयव देत असेल तर प्राधिकार समितीच्या परवानगीने देता येईल, असं कलम आहे. दलालांनी जिव्हाळा तयार करायला वेळ लावला नाही. जुना नोकर, मानलेली बहीण, गावाकडचा मित्र. त्यावर नियम कडक झाले, मुलाखतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं, लग्नाचे फोटो, रेशनकार्ड, सगळं मागू लागले, तेव्हा दलाल थेट खोटी बायकोच उभी करू लागले. २०१६मध्ये मुंबईतल्या आणि २०२२मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी रुग्णालयात हेच उघडकीला आलं, कागद सगळे जागेवर होते. २०११च्या दुरुस्तीने शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक कोटीपर्यंत नेला आहे. याची दुसरी बाजू अशी की खरीखुरी नवरा-बायको समितीसमोर बसतात तेव्हा आरोपी असल्यासारखी बसतात.

दुसरं काम जास्त अवघड निघालं. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टर लागतात, तेही प्रत्यारोपण करणाऱ्या पथकाबाहेरचे. चाचण्या दोनदा करायच्या, मध्ये किमान सहा तास. त्यातली शेवटची अॅप्निया चाचणी पाहण्यासारखी असते. व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून नुसता प्राणवायू चालू ठेवतात आणि सगळे छातीकडे बघत उभे राहतात. आठ-दहा मिनिटं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो, जिवंत मेंदू असता तर त्याने एव्हाना श्वास ओढला असता. छाती हलत नाही. मग नळी परत जोडतात, छाती वर-खाली होऊ लागते, आणि बाहेर बसलेल्या आईला आत आल्यावर हेच दिसतं. अंग कोमट, मॉनिटरवर ठोके, लघवीच्या पिशवीत थेंब. तिला सांगायचं की तो गेला. आणि मग विचारायचं. हे विचारणं डॉक्टरांच्याने होत नाही, हे लवकरच लक्षात आलं, त्यातून समन्वयक हा पेशा तयार झाला. बरेचसे सामाजिक कार्याचं, म्हणजे एमएसडब्ल्यूचं, शिक्षण घेतलेले. २०११च्या दुरुस्तीने समन्वयक नेमणं बंधनकारक केलं.

होकार मिळाला तरी अवयव कुणाला? कायदा त्यावर गप्प होता. इथे मुंबईने पुढाकार घेतला. २०००मध्ये विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र उभं राहिलं, ज्याला सगळे झेडटीसीसी म्हणतात. एकमेकांशी रुग्णांसाठी झुंजणारी रुग्णालयं एका सामाईक यादीवर आली. पुढे पुणे, नागपूर, औरंगाबाद इथेही अशीच केंद्रं झाली. किडनीसाठी यादीतल्या रुग्णांना गुण देतात, त्यात डायलिसिसवर किती काळ काढला याला मोठं वजन. यकृत अचानक निकामी झालेल्याला रांगेच्या पुढे नेतात. तडजोडही झालीच. दात्याच्या दोन किडन्यांपैकी एक त्याच रुग्णालयातल्या यादीला आणि दुसरी सामाईक यादीला, अशी पद्धत पडली. ती नसती तर खाजगी रुग्णालयांनी मेंदूमृत रुग्ण कळवलेच नसते, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. मला ते पटतं, पण तिचा फायदा मोठ्या रुग्णालयात नाव नोंदवू शकणाऱ्यालाच होतो हेही खरं.

३ ऑगस्ट २०१५ला पुण्यात एका मेंदूमृत महिलेचं हृदय पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्यांवरून विमानतळावर आणि तिथून मुंबईत आणलं, आणि मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते एका तरुणाला बसवलं. सेन यांच्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत हृदय प्रत्यारोपण यशस्वी झालं. ग्रीन कॉरिडॉर हा शब्द त्या दिवसापासून घराघरात गेला. काढलेलं हृदय चार ते सहा तासच टिकतं, म्हणून तो सगळा आटापिटा. किडनी बर्फात दिवसभर थांबू शकते, त्यामुळे तिच्यासाठी कुणी रस्ते अडवत नाही आणि बातमीही होत नाही.

मूळ कायद्यानुसार अवयव काढायलाही नोंदणी झालेलं रुग्णालय लागे. जिल्ह्याच्या ठिकाणी अपघाताने मेंदूमृत झालेल्याचे अवयव म्हणून वायाच जात. फक्त अवयव काढण्यासाठी वेगळी नोंदणी आता मिळते. राज्याच्या राजीव गांधी, आताच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठी सुरुवातीला अडीच लाखांची वेगळी मर्यादा ठेवली होती. पण शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात आणि त्या तालुक्याच्या दुकानात मिळतीलच असं नाही.

देशात २०१३मध्ये पाच हजारांच्या आत असलेली प्रत्यारोपणं २०२३मध्ये अठरा हजारांवर गेली. मृत दाते त्या वर्षी सुमारे अकराशे. म्हणजे भार अजून जिवंत दात्यांवरच आहे, आणि त्यांत देणाऱ्या बायका जास्त, घेणारे पुरुष जास्त.

फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राने यादीसाठीची अधिवासाची अट आणि पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली. नंदुरबारच्या माणसाला आता कोणत्याही राज्यात नाव घालता येतं. फोन आल्यावर मात्र त्याला काही तासांत पोचावंच लागतं. म्हणून मोठ्या रुग्णालयांच्या आसपासच्या चाळींत, लॉजवर महिनोन्महिने खोली घेऊन राहिलेली अशी कुटुंबं भेटतात. बाकावरच्या काकूही त्यांतल्याच होत्या. गाव साक्रीकडे, खोली परळला, भाडं धाकटा दीर भरतो.