रोज घालायची घुमटाकार अंगठी: घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

घुमटाकार अंगठी पाहताना बहुतेक जण ती बोटात घालतात, हात लांब धरतात आणि वरून न्याहाळतात. आमचे एवढेच सांगणे आहे, की मग तळवा वर करून ती खालूनही पाहा आणि बोटातून काढून आतूनही पाहा. वरचा घुमट आवडला म्हणूनच तर तुम्ही ती हातात घेतलीत. पण ती दिवसभर बोटात राहणार की दुपारपर्यंत पर्समध्ये जाणार, हे खालची आणि आतली बाजू ठरवते. समारंभापुरती घालायची अंगठी थोडी बोचली तरी चालून जाते. रोजच्या अंगठीला ती सवलत नाही, म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

खालून आणि आतून काय पाहायचे

चांगली घुमटाकार अंगठी वर रुंद असते आणि तळव्याकडे निमुळती होत जाते. वर १२ मिलिमीटर रुंदी असेल, तर खाली ती ३ ते ४ मिलिमीटरवर आलेली असावी. खालपर्यंत तशीच रुंद राहिली तर मूठ वळताना कड बोटाच्या मुळाशी रुतते, शेजारची बोटे फाकतात आणि जड पिशवी उचलली की बंद थेट अंगठीवर दाब देतो. त्यामुळे नुसती घालून पाहू नका. घट्ट मूठ वळा, पेन धरून दोन ओळी लिहा, फोन एका हातात धरून अंगठ्याने टाइप करून पाहा. एवढ्या वेळात अंगठीची एकदाही आठवण झाली नाही, तर ती तुमच्या हाताला बसली असे खुशाल समजा.

आतल्या कडेवरून करंगळीचे टोक हळूच फिरवा. कड गोलवलेली असेल तर बोट घसरत जाते, धारदार असेल तर लगेच जाणवते. कपड्याचीही परीक्षा घ्या. एखादे पातळ, जाळीदार कापड अंगठीच्या बाहेरच्या कडेवरून ओढून पाहा. धागा अडकला तर कड नीट घासलेली नाही आणि तुमच्या लोकरी स्वेटरचे काय होणार ते तिथेच दिसते.

आणि उंची. ग्राहक रुंदी विचारतात, उंची फारसे कोणी विचारत नाही. रोजच्या वापरात मात्र त्रास होतो तो उंचीचाच. बोटाच्या वर ३ ते ४ मिलिमीटर उठलेला घुमट खिशात, हातमोज्यात, शर्टाच्या बाहीत सहज जातो. ६ मिलिमीटरच्या पुढे गेला की दाराच्या चौकटी, टेबलाच्या कडा, गाडीचा दरवाजा सगळीकडे आपटू लागतो. भरघोस दिसणे हवे असेल तर उंची वाढवण्याऐवजी रुंदी वाढवा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पसरट घुमट तेवढाच ठसठशीत दिसतो आणि हाताच्या आड येत नाही.

माप: इथेच सगळ्यात जास्त गडबड होते

बारीक वळ्याच्या अंगठीचे जे माप तुम्हाला येते, तेच रुंद अंगठीला चालत नाही. रुंद अंगठी बोटाची जास्त त्वचा व्यापते, त्वचेला सरकायला जागा कमी उरते आणि तेच माप घट्ट वाटते. खालच्या बाजूची रुंदी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर आतल्या घेरात साधारण १ ते दीड मिलिमीटर वाढ धरावी लागते. खाली निमुळती असलेल्या अंगठीला बहुधा त्याहून कमी पुरते.

घरी माप घेताना दोरा वापरू नका. दोरा मांसात रुततो आणि माप हमखास लहान येते. कागदाची पट्टी घ्या आणि ती जी अंगठी हवी आहे तेवढ्याच रुंदीची कापा. ही साधी गोष्ट केली तरी निम्मी चूक टळते. पट्टी बोटाच्या मुळाशी गुंडाळा, जिथे टोक येते तिथे खूण करा, सरळ करून मिलिमीटरमध्ये मोजा. हा झाला घेर. घेराला ३.१४ ने भागले की आतला व्यास मिळतो. घेर ५४ मिलिमीटर आला तर व्यास सुमारे १७.२ मिलिमीटर. आंतरराष्ट्रीय मानक पद्धतीत आतल्या घेराचे मिलिमीटर हेच अंगठीचे माप असते. वेगवेगळ्या देशांचे आकडे आणि अक्षरे निराळी आहेत, म्हणून आमच्याकडे मागणी नोंदवताना नुसता ‘नंबर’ न सांगता घेर मिलिमीटरमध्येच कळवा.

पेराचा सांधा मोजायला विसरू नका. ज्यांचा सांधा मुळापेक्षा बराच जाड असतो, त्यांना अंगठी आत जाताना घट्ट आणि आत गेल्यावर सैल वाटते. अशा वेळी दोन्ही मापांच्या मधले माप धरायचे.

बोट दिवसभर एकाच जाडीचे राहत नाही. उन्हात, व्यायामानंतर, खारट खाण्यानंतर फुगते, थंडीत आकसते. सकाळी उठल्याउठल्या किंवा गार पाण्यात हात घालून आल्यावर माप घेऊ नका. दुपारी किंवा संध्याकाळी, हात कोमट असताना घ्या. शक्य असेल तर दोन वेगळ्या दिवशी घ्या आणि दोन्ही आकडे आम्हाला सांगा. ज्या हाताने तुम्ही काम करता त्याची बोटे बहुधा किंचित जाड असतात, त्यामुळे डाव्याचे माप उजव्याला लावू नका.

घुमटाकार अंगठीला फिरण्याची खोड असते. वजन वर, खालची बाजू हलकी, त्यामुळे घुमट हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकतो. ती घट्ट करून हा दोष जात नाही, उलट बोटावर वळ उठतो. खालच्या भागाला आतून दोन बारीक मणी बसवून घेतले की अंगठी जागेवर राहते आणि सांध्यावरूनही सहज निघते. खालची बाजू गोल न ठेवता जराशी सपाट केली तरी फिरणे बरेच थांबते.

भरीव, पोकळ आणि आतून कोरलेली

एकाच आकाराची अंगठी तीन तऱ्हांनी बनते. भरीव अंगठी म्हणजे धातूचा अखंड गोळाच. ती ठोकर खाते, माप बदलून घेता येते, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा पॉलिश करता येते, पण जड असते. किती जड, हे धातूवर अवलंबून. साच्यात ओतलेली एखादी भरीव अंगठी ९२५ चांदीत १० ग्रॅम भरत असेल, तर तीच १८ कॅरट सोन्यात सुमारे १५ ग्रॅम भरेल, पितळेत ८ ग्रॅमच्या आसपास आणि टायटॅनियममध्ये ४ ग्रॅमहून थोडी जास्त.

पोकळ अंगठीत दोन पातळ कवचे जोडलेली असतात, किंवा साच्यावर विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवलेला असतो. ही कला कमी दर्जाची नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने प्लॅटिनम युद्धकामासाठी राखून ठेवले, १९४२ पासून ते दागिन्यांना वापरायला बंदी आली आणि सोनार सोन्याकडे वळले. त्या दशकातल्या मोठमोठ्या, गुळगुळीत, फुगीर दागिन्यांपैकी बरेचसे आतून पोकळ होते, कारण थोड्या सोन्यात मोठा आकार साधायचा होता. आजही हलकी अंगठी हवी असेल तर पोकळ उत्तमच. फक्त तिच्या मर्यादा ओळखून घ्या. बंद पोकळ अंगठीला पोचा पडला तर तो आतून उचलता येत नाही, कारण आत हत्यार जायला वाटच नसते. डाख देताना आतली हवा तापून फुगते, म्हणून तिला बारीकसे भोक ठेवावे लागते आणि त्याच भोकातून पुढे साबणाचे पाणी आत जाते. अशी अंगठी घालून भांडी घासू नका.

तिसरी तऱ्हा आतून कोरलेली. घुमट वरून भरीव दिसतो, पण बोटाकडची बाजू वाटीसारखी खोल आणि उघडी असते. रोजच्या वापरासाठी आमचा कौल हिला आहे. वजन आटोक्यात राहते, पोचा पडला तर आतून उचलता येतो, आत हवा खेळते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: त्या खोलगट जागेत साबण आणि घाम साचतो. अंगठीखाली खाज येते, त्वचा लाल होते, तेव्हा बरेच जण धातूला दोष देतात. अनेकदा कारण असते तिथे अडकून राहिलेला साबण. हात धुतल्यावर अंगठी काढून आतून धुवा, बोटही कोरडे करा आणि मगच परत घाला.

धातू आणि मुलामा

९२५ चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेला बहुतेक वेळा तांबे. ७५० म्हणजे १८ कॅरट सोने, ५८५ म्हणजे १४ कॅरट. हे आकडे अंगठीच्या आतल्या बाजूला कोरलेले असतात, घेण्याआधी भिंगातून पाहून घ्या. रोज घालायच्या जाड अंगठीला २२ कॅरट सोने मऊ पडते. १४ किंवा १८ कॅरट जास्त टिकते.

मुलाम्याच्या अंगठीत विचारायची गोष्ट एकच: थर किती मायक्रॉनचा आहे? एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अमेरिकेतल्या नियमांनुसार चांदीवरच्या सोन्याच्या मुलाम्याला ‘व्हर्मील’ म्हणायचे तर थर किमान २.५ मायक्रॉन लागतो. स्वस्त मुलामा याच्या कितीतरी पट पातळ असतो. घुमटाकार अंगठीवरचा मुलामा आधी तळव्याकडच्या भागात आणि नंतर घुमटाच्या माथ्यावर झिजतो, कारण घासले जाते ते तिथेच. रोजच्या रोज घालायची असेल तर मुलाम्यापेक्षा साधी चांदी घ्या, असे आम्ही मनापासून सांगतो. चांदी काळवंडली तर पुसून उजळते, उडालेला मुलामा मात्र पुन्हा चढवावाच लागतो.

निकेलची ॲलर्जी असेल तर खरेदीआधी नक्की सांगा. स्वस्त मिश्रधातूंत ते अनेकदा असते, काही पांढऱ्या सोन्यातही असते. बोट हिरवे पडणे ही वेगळी गोष्ट. तांब्याचा घामाशी संयोग होऊन तो रंग येतो, अपाय काही नाही, साबणाने निघतो.

कोणत्या बोटात, कशासोबत

मधल्या बोटातला घुमट हाताच्या मध्यावर येतो आणि सगळ्यात तोलून दिसतो, पण दोन्ही बाजूंना बोटे असल्याने तिथे रुंदी जपून घ्यावी लागते. तर्जनीला एक बाजू मोकळी असते, म्हणून रुंद अंगठी तिथे सुखाने बसते. लिहिणाऱ्या हाताच्या तर्जनीत मात्र पेन अडते. करंगळीतला छोटा, फुगीर घुमट आम्हाला फार आवडतो. मोठी अंगठी कधी घातली नसेल तर सुरुवात तिथून करा.

बोटे आखूड असतील तर घुमटाकार अंगठी शोभत नाही, हा समज सोडून द्या. अंगठी आणि सांधा यांच्यामध्ये त्वचेची एक पट्टी दिसत राहिली पाहिजे, एवढेच पाहायचे. पेर पूर्ण झाकले गेले तर बोट आखूड दिसते. बोटाच्या लांबीच्या दिशेने जराशी लांबट असलेली, कडांना उतरती अंगठी अशा हाताला खुलते.

एका हातात एकच घुमट पुरे. सोबत बारीक वळी घालायची असतील तर एक बोट रिकामे सोडून घाला. त्याच बोटात घुमटाला लागून दुसरी अंगठी घातली तर गोलाईमुळे मध्ये फट राहते आणि दोन्ही दिवसभर एकमेकींवर घासतात. शेजारच्या अंगठीत हिरा असेल तर तो घुमटावर चरे पाडणारच. चांदी आणि सोने एकत्र घालायला काहीच हरकत नाही, फक्त दोन्हींची झिलई सारखी ठेवा: चकाकत्यासोबत चकाकते, मॅटसोबत मॅट. मोठे घड्याळ एका मनगटावर असेल तर घुमट दुसऱ्या हातात जास्त मोकळा दिसतो.

झिलई निवडताना आपला स्वभावही विचारात घ्या. आरशासारख्या घुमटावर पहिला चरा काही दिवसांतच दिसतो. ज्यांच्या मनाला तो लागेल, त्यांनी मॅट किंवा हातोडीच्या ठोक्यांची अंगठी घ्यावी. बाकीच्यांनी धीर धरावा. शेकडो बारीक चरे पडून गेल्यावर पृष्ठभागाला एकसारखी मऊ चमक येते आणि जुन्या अंगठ्यांचे सौंदर्य त्यातच असते.

कधी काढायची, कशी पुसायची

जिममध्ये, दोरावर किंवा कठड्यावर चढताना, यंत्रावर काम करताना अंगठी बोटात नकोच. ती कुठे अडकली आणि शरीराचे वजन त्यावर आले तर बोटाला भयंकर इजा होते. ब्लीच आणि क्लोरीनच्या पाण्यापासूनही दूर ठेवा. कमी कॅरटचे सोने त्याने ठिसूळ होऊ शकते.

धुळीत वाळूचे कण असतात आणि ते चांदी-सोन्याहून कितीतरी कठीण असतात. त्यामुळे कोरडी धूळ कापडाने पुसणे म्हणजे घुमटावर स्वतःच चरे ओढणे. आधी पाण्याखाली धरा, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने आतली बाजू घासा, मग पुसा. टूथपेस्ट लावू नका. रात्री चांदीची अंगठी हवाबंद पिशवीत ठेवली तर काळवंडण्याचा वेग बराच कमी होतो. रबर आणि लोकर यांच्या शेजारी ती ठेवू नये.

बोट सुजून अंगठी अडकली तर ओढाताण करू नका. हात काही मिनिटे छातीच्या वर धरा, गार पाण्याखाली न्या, साबण लावा आणि पुढे खेचण्याऐवजी गोल फिरवत काढा. हाताला मार लागला असेल तर सूज यायची वाट न पाहता अंगठी आधी काढा. बोट निळसर किंवा बधिर पडू लागले तर लगेच दवाखाना गाठा. तिथे अंगठी कापतात. भरीव अंगठी नंतर जोडता येते, पोकळ जोडणे अवघड असते.

माप बदलायचे असेल तर भरीव अंगठीत ते साधारण एक-दोन मापांपर्यंत होते. आतून कोरलेलीत अर्धे-एक मापच होते, बंद पोकळीत बहुधा होत नाही. अंगठी आमच्याकडे पाठवताना सोबत चिठ्ठीवर लिहा: कोणत्या हाताच्या कोणत्या बोटात घालता, सांध्यावर अडते की मुळाशी सैल होते, आणि त्रास सकाळी होतो की संध्याकाळी. कारागीर घेर बदलायचा, की नुसते दोन मणी बसवून भागेल, हे त्यावरूनच ठरवतो.