समुद्री बर्फ आणि सागरी प्रवाहांचं मॉडेलिंग

समुद्रातले प्रवाह आणि ध्रुवांकडे समुद्रावर गोठणारा बर्फ यांचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं आणि त्यावरून पुढचं हवामान कसं असेल ते बघायचं, असं हे काम. इंदूरहून समुद्र लांब, आपला बर्फ म्हणजे गोळ्याचा नाहीतर सराफ्यातल्या कुल्फीवाल्याचा, पण तो मटक्यातल्या बर्फात मूठभर मीठ का टाकतो ते बघितलं की निम्मा विषय कळतो, कारण खारं पाणी शून्याखालीही पातळच राहतं. समुद्राचं पाणी गोठायला साधारण उणे 1.8 अंश लागतात, आणि गोठताना ते बरंचसं मीठ बाहेर टाकतं, ते खारट जड पाणी खाली बसतं आणि खोल प्रवाह चालू राहायला त्याची मदत होते. त्यामुळे बर्फाचा हिशेब चुकला की प्रवाहाचाही चुकलाच.

मॉडेलमध्ये समुद्राचे चौकोन पाडतात, खाली थर. एक अंशाचा चौकोन म्हणजे उत्तर-दक्षिण 111 किमी, तो आपल्याकडे ठेवला तर इंदूर, देवास, उज्जैन, महू सगळे एकाच चौकोनात आणि सगळ्यांना मिळून तापमान एकच! आर्क्टिकमधले भोवरे कितीतरी वेळा दहा-वीस किमीचेच, राजवाड्यावरून निघालात तर महू यायच्या आत संपणारे, ते अशा चौकोनात दिसणार कसे, मग त्यांचा परिणाम सूत्रानं अंदाजे घालतात. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात आणि खरी डोकेदुखी हीच.

बर्फाचंही तेच. तो अखंड लादी नसतो, वाऱ्यानं फुटतो, एकमेकांवर चढतो, आणि हिवाळ्यात मधल्या फटींतून समुद्राची उष्णता भसाभस बाहेर पडते. शास्त्रज्ञ हिब्लर यांनी 1979 मध्ये बर्फ थोडा घट्ट द्रवासारखा, थोडा प्लास्टिकसारखा (म्हणजे जोर वाढला की कायमचा आकार बदलणारा) वागतो असं धरून समीकरणं दिली, 1997 मध्ये हंके आणि ड्युकोविच यांनी त्यात लवचिकता घालून ती मोठ्या कॉम्प्युटरवर झटपट सुटतील अशी केली, अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचं साइस (CICE) हे समुद्री बर्फाचं मॉडेल त्याच वाटेवरचं. हवा आणि समुद्र एकत्र जोडायचं काम मनाबे आणि ब्रायन यांनी 1969 मध्येच केलं होतं, मनाबेंना नोबेल मिळालं 2021 ला. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं अर्थ सिस्टम मॉडेल (म्हणजे अख्ख्या पृथ्वीचं मॉडेल) आहे, त्यातही समुद्री बर्फ आहे.

अंटार्क्टिकानं मात्र सगळ्यांना चकवलं. बहुतेक मॉडेलं तिथला बर्फ घटताना दाखवत होती, तो 2014 पर्यंत थोडाथोडा वाढतच गेला, आणि 2016 ला धाडकन कमी झाला.