डॉक्टर-संशोधक (मेंदूच्या गाठी)

मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांवर स्वतः उपचार करणारा आणि त्याच गाठींचा प्रयोगशाळेत शोध घेणारा वैद्य. वैद्यकीय पदवी, मग बालरोग, मेंदूविकार किंवा कर्करोग यांपैकी एकातले विशेष शिक्षण आणि बहुधा जोडीला पीएच.डी., एवढी तयारी लागते.

या परंपरेचा पाया अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग (१८६९–१९३९) यांनी घातला. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी ते रुग्णाच्या नोंदी व छायाचित्रांसह जपून ठेवत. त्यांनी व पर्सिव्हल बेली यांनी १९२५ मध्ये मुलांच्या लहान मेंदूतील (मेंदूच्या मागच्या, तोल सांभाळणाऱ्या भागातील) मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगाच्या गाठीचे वर्णन केले आणि १९२६ मध्ये ग्लायोमांचे, म्हणजे मेंदूतील आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींचे, वर्गीकरण मांडले.

पुढे कित्येक दशके गाठ सूक्ष्मदर्शकाखाली कशी दिसते, यावरच निदान होत राहिले. मुलांचा आणि मोठ्यांचा ग्लायोमा दिसायला सारखाच, म्हणून मोठ्यांची औषधे मुलांनाही दिली गेली. २००५ मध्ये ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या प्रौढ रुग्णांना रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड हे कर्करोगाचे औषध दिल्यावर जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगतात तो) १२.१ वरून १४.६ महिन्यांवर गेला. मुलांच्या मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातील) ग्लायोमाच्या गाठीवर मात्र त्याचा उपयोग झाला नाही. कारण २०१२ मध्ये कळले: या मुलांच्या गाठींत बहुधा डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांच्या जनुकातच बदल झालेला असतो. दोन्ही वयांतले आजार मुळात वेगळे होते. अशा संशोधनासाठी मूल गेल्यावर कितीतरी आईवडिलांनी त्याच्या गाठीच्या ऊती दिल्या, हे ऋण या शास्त्राने कधी विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात मुलांचे आणि प्रौढांचे पसरणारे ग्लायोमा अखेर वेगळे झाले.

रोजचे काम साध्या तपासणीपासून सुरू होते. सकाळी उठताच ओकणाऱ्या, चालताना झोकांड्या जाणाऱ्या मुलाला डॉक्टर एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला सांगतात. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये निदानासाठी जातो. दुसरा लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, कारण उशीर झाला की त्यातला आरएनए (कोणती जनुके काम करत आहेत हे सांगणारा रेणू) विघटित होऊ लागतो.

वाढत्या मेंदूला रेडिएशनचा फार त्रास होतो. शिकणे मंदावते, उंची खुंटते, संप्रेरके बिघडतात. म्हणून अगदी लहान मुलांत ते शक्य तितके पुढे ढकलतात. जनुकांतील बदलांनुसार केलेल्या मेड्युलोब्लास्टोमाच्या चार मुख्य गटांपैकी डब्ल्यूएनटी नावाच्या गटातली बहुतेक मुले बरी होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रेडिएशनच्या कमी मात्रेच्या चाचण्या झाल्या. प्रौढांत आयडीएच जनुकात बदल असलेल्या, सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये व्होरासिडेनिब या औषधाला मान्यता मिळाली. त्यामुळे काही रुग्णांचे रेडिएशन पुढे ढकलता येते.

मुले आणि मोठी माणसे, दोन्ही पाहणाऱ्या डॉक्टरचे मोल इथेच कळते. पाचव्या वर्षी बरे झालेले मूल पंचविशीत पुन्हा तपासणीला येते, तेव्हा त्याची स्मरणशक्ती, थायरॉइड आणि नवा एमआरआय पाहावा लागतो. जुन्या रेडिएशनमुळे मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ) कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतो.